कवटीत शोधलेला गुन्हेगार

गुन्हा का घडतो, या प्रश्नाला धर्माने पापाचे आणि कायदेपंडितांनी स्वेच्छेचे उत्तर दिले होते. हा प्रश्न प्रयोगशाळेत नेण्याचे श्रेय चेझारे लोंब्रोझो या इटालियन वैद्याला द्यावे लागते. आणि त्यातून उद्भवलेल्या अनर्थाचा दोषही काही अंशी त्याच्याच पदरी येतो.

१८३५ साली व्हेरोना येथे एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. लष्करात वैद्य असताना त्याने सैनिकांची शरीरे मोजली, पुढे मनोरुग्णालयांत रुग्ण न्याहाळले. कालाब्रियातील विलेल्ला नावाच्या एका मृत चोराच्या कवटीत मागील बाजूस त्याला अनपेक्षित खळगा आढळला आणि गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीच्या वाटेवर मागे राहिलेला आदिमानव, अशी त्याची खात्री पटली. १८७६ साली ‘गुन्हेगार मानव’ हा त्याचा ग्रंथ निघाला. पुढे आलेला जबडा, मोठे कान, लांब हात ही जन्मजात गुन्हेगाराची लक्षणे ठरली.

टीका होताच त्याने दारिद्र्य, मद्य, परिस्थिती यांनाही कारणांत स्थान दिले. मूळ कल्पना मात्र सोडली नाही. १९०९ साली तूरिन येथे तो निवर्तला. चारच वर्षांनी चार्ल्स गोरिंगने सुमारे ३,००० इंग्रज कैद्यांची मापे इतरांशी ताडून पाहिली. गुन्हेगारांचा असा निराळा शारीरिक साचा त्यास आढळला नाही. लोंब्रोझोचा स्वतःचा सांगाडा, त्याच्याच इच्छेनुसार, तूरिनच्या संग्रहालयात जतन केलेला आहे. ज्याने आयुष्यभर इतरांच्या अस्थी वाचल्या, त्याच्या अस्थी आता पाहणाऱ्यांसमोर निमूट उभ्या आहेत.

हा इतिहास परक्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही. त्याच्या ग्रंथापूर्वी पाच वर्षे, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा करून माणसाच्या जन्मावरच गुन्ह्याचा शिक्का मारला होता. तो लोंब्रोझोपासून निघाला नाही. पण गुन्हेगार जन्मतो, हा भ्रम दोहोंना समान होता. सोलापूरच्या सेटलमेंटमधील काटेरी तारेच्या कुंपणाआड कित्येक कुटुंबांनी त्याची किंमत मोजली. १९५२ साली कायदा गेला. मात्र चोरी होताच विमुक्तांच्या पालांकडे वळणारी संशयाची नजर गेली नाही.

गुन्ह्याची कारणे शोधणे हे शास्त्राचे काम आहे. परंतु कृत्याची चौकशी सोडून माणसाचा चेहरा आणि जात तपासली जाऊ लागली, की तेथे शास्त्र संपते आणि अन्याय सुरू होतो.