बाबासाहेब आंबेडकर यांचे आजारपण

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री, अर्थशास्त्रज्ञ व समाजसुधारक होते. आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्यांना मधुमेह, पायांतील तीव्र वेदना व संधिवात यांनी ग्रासले होते. संविधानाचा मसुदा, हिंदू कोड बिल आणि बौद्ध धम्मावरील ग्रंथ ही त्यांची महत्त्वाची कार्ये याच काळातील आहेत.

आजार व तत्कालीन उपचार

मधुमेहात रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास पायांच्या मज्जातंतूंना व डोळ्यांना इजा पोहोचते. फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिन वेगळे केले आणि १९२२ पासून ते रुग्णांना देण्यात येऊ लागले. काही रुग्णांमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते, ही गोष्ट मात्र १९७० च्या दशकात स्पष्ट झाली. १९४८ च्या सुमारास नियमित इन्सुलिन, पथ्य व विश्रांती हेच मुख्य उपचार होते. गोळ्यांचा वापर १९५० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाला. यांपैकी विश्रांती हीच बाबासाहेबांना सर्वांत दुर्मीळ होती.

विवाह

मसुदा समितीने २१ फेब्रुवारी १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सादर केला. याच सुमारास बाबासाहेबांची प्रकृती ढासळली व वेदनांमुळे झोपही लागेनाशी झाली. मुंबईचे डॉ. माधवराव मालवणकर त्यांच्यावर उपचार करीत होते. त्यांच्याकडे काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी बाबासाहेबांचा परिचय झाला होता. प्रथम पत्नी रमाबाई यांच्या निधनानंतर (१९३५) पुन्हा विवाह न करण्याचा बाबासाहेबांचा निश्चय होता. परंतु घरात सतत देखभाल करणारे कोणी असणे आवश्यक झाले होते, आणि परिचारिका ठेवल्यास लोकापवाद उठेल अशी त्यांना शंका होती. मार्च १९४८ मध्ये दादासाहेब गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही अडचण मांडली. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत हा विवाह झाला. विवाहानंतर शारदा यांचे नाव सविता झाले. पथ्यपाणी व औषधोपचाराची जबाबदारी त्यांनी सांभाळली.

उपचार आणि कर्तव्य

१० ऑगस्ट १९५१ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहिले. सुमारे महिनाभर सलग उपचार आता लांबणीवर टाकता येणार नाहीत, असे डॉक्टरांचे मत असल्याचे त्यांनी कळवले. मात्र डॉक्टरांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, असा आग्रहही धरला. संसदेत ते विधेयक मागे पडले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला आणि त्याचे कारण आजारपण नसल्याचे नंतरच्या निवेदनात आवर्जून स्पष्ट केले.

मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाच्या सोयी अत्यल्प होत्या. परतूरसारख्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांना त्यासाठी दूर जावे लागे. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. प्रकृती बिघडलेली असतानाही बाबासाहेबांनी त्याच्या उभारणीकडे स्वतः लक्ष पुरवले.

अखेरची वर्षे

१९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर या काळात ते बहुधा अंथरुणाला खिळून होते. दृष्टीही मंदावली होती. तरीही १९५१ मध्ये सुरू केलेला 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांनी १९५६ मध्ये पूर्ण केला. आपण हे लेखन पुरे करू शकलो याचे श्रेय प्रस्तावनेत त्यांनी सविताबाई व डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यास दिले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना छापली गेली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. नोव्हेंबरमध्ये काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेसही ते उपस्थित होते. ६ डिसेंबर रोजी दिल्लीतील निवासस्थानी झोपेतच त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही अनुयायांनी सविताबाईंवर संशय घेतला. शासकीय चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचे आढळले. सविताबाईंनी पुढे 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या ग्रंथात या काळाच्या आठवणी नोंदवल्या.