वडिलांना वाटायचं मुलीने डॉक्टर व्हावं, कमल रणदिवेंनी उंदरांमध्ये कॅन्सरचं मूळ शोधलं

८ नोव्हेंबर २०२१ ला गुगलच्या डूडलवर मायक्रोस्कोपमधून बघणारी एक बाई दिसली. नाव होतं डॉ. कमल रणदिवे. बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदाच वाचलं. पण भारतात पेशी काचेच्या नळीत वाढवून कॅन्सरचा अभ्यास सुरू झाला, त्याच्या पायाशी याच बाई आहेत.

कमल समर्थ यांचा जन्म १९१७ सालचा, पुण्यातला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. कमल हुजूरपागेत शिकल्या आणि मग फर्ग्युसनला गेल्या. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा. मुलीने दोन्ही केलं नाही. वनस्पतीशास्त्र आणि प्राणीशास्त्र घेतलं आणि १९३९ साली गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न केलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. केलं, तेही सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर.

आता सीताफळावरून कॅन्सरवर गाडी कशी आली?

तर लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं होतं आणि तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

पुढे त्या फेलोशिपवर अमेरिकेला गेल्या, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे. जगप्रसिद्ध हेला पेशी १९५१ साली वाढवल्या त्या याच गे यांच्या प्रयोगशाळेत. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवणं तेव्हा महाकठीण काम होतं. गे नळ्या संथ गतीने फिरवत ठेवायचे, म्हणजे पेशींना आलटून पालटून पोषक द्रव आणि हवा मिळायची.

कमलताई हे तंत्र शिकल्या आणि परत आल्या. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली.

त्यांचा मुख्य विषय होता स्तनाचा कॅन्सर. हा कॅन्सर नेमका होतो कशाने? उंदरांमध्ये तीन गोष्टी समोर आल्या होत्या. एक आनुवंशिकता, दुसरी हार्मोन्स आणि तिसरी आईच्या दुधातून पिल्लात जाणारा विषाणू. या तिघांचं एकमेकांशी काय नातं आहे, हे शोधणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांमध्ये कमलताई होत्या.

यातला हार्मोन्सचा भाग समजून घेऊ. स्तनाची वाढ एकट्या अंडाशयाच्या हार्मोन्सवर होत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते, तिचं प्रोलॅक्टिनही लागतं. ही ग्रंथी हार्मोन तयार करून बारीक कणांमध्ये भरून ठेवते आणि गरज पडली की सोडते. धान्याच्या कणग्या भरून ठेवाव्यात तसं. स्तनाच्या पेशी अशा संदेशांवर वाढतात, त्यामुळे हे संदेश सोडून कॅन्सरचा विचार करताच येत नाही.

पुढे या अभ्यासात आणखी एक धागा जोडला गेला. १९७१ साली अमेरिकेतल्या ज्युडा फोकमन यांनी मांडलं की गाठीला स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत, तर ती एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढत नाही. आज या रक्तवाहिन्या रोखणारी औषधं आहेत, आणि हार्मोनचा संदेश तोडणारीही.

कमलताई कॅन्सरवरच थांबल्या नाहीत. कुष्ठरुग्णांच्या ऊतींमधून मिळालेल्या जंतूंवर त्यांनी सहकाऱ्यांसोबत काम केलं. कुष्ठरोगावरच्या लसीच्या पुढच्या प्रयत्नांना त्याचा आधार मिळाला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी कॅन्सर रिसर्च सेंटरचं संचालकपद सांभाळलं. परदेशात शिकायला गेलेल्या तरुण संशोधकांनी भारतात परत यावं, असा त्यांचा आग्रह असायचा. स्वतः तेच केलेलं असल्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

१९७३ साली त्यांनी सहकारी महिलांसोबत इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन केली. बाई हुशार असली तरी मूल कोण सांभाळणार आणि परक्या शहरात राहणार कुठे, इथेच तिचं संशोधन अडायचं. म्हणून या संस्थेने वाशीला वसतिगृह आणि पाळणाघर उभं केलं. १९८२ साली कमलताईंना पद्मभूषण मिळालं.

निवृत्तीनंतर कोणी आराम केला असता. कमलताई मात्र अकोले तालुक्यात पोहोचल्या. नाशिकच्या इगतपुरी-सिन्नरला लागून असलेला हा डोंगराळ, आदिवासी भाग. तिथल्या मुलांच्या पोषणाचा त्यांनी अभ्यास केला, गावातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. उंदराच्या पेशी मोजणाऱ्या बाई आता पोरांची वाढ मोजत होत्या.

२००१ साली त्यांचं निधन झालं. त्यांचं कॅन्सर रिसर्च सेंटर आज खारघरच्या ॲक्ट्रेकच्या रूपात सुरू आहे. पेशी वाढवून औषध तपासणं तिथे आता रोजचं काम आहे. एकेकाळी ते शिकायला एका मराठी बाईला बाल्टिमोर गाठावं लागलं होतं.