‘सिरोसिस’ या शब्दाचा जनक

‘लिव्हर सिरोसिस’ हे शब्द आता मराठी घरांतही परके राहिलेले नाहीत. मद्यपानाशी त्यांची सांगड इतकी घट्ट बसली आहे, की सिरोसिस या नावाच्या मुळाशी केवळ एक रंग आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. हे नाव वैद्यकाला दिले ते फ्रेंच डॉक्टर रेने लाएनेक यांनी.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात १७८१ साली लाएनेक जन्मले. आई लहानपणीच गेली. नांत शहरी डॉक्टर असलेल्या काकांकडे ते वाढले आणि १८०१ मध्ये पॅरिसला शिकावयास गेले. १८१६ मध्ये नेकेर रुग्णालयात हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी त्यांच्यापुढे आली. तिच्या छातीला कान लावणे संकोचाचे होते. त्यांनी कागदाची गुंडाळी करून एक टोक तिच्या छातीवर ठेवले, तर ठोके अधिकच स्पष्ट ऐकू आले. पुढे त्या गुंडाळीची लाकडी नळी झाली. स्टेथोस्कोप या ग्रीक घडणीच्या नावाचा अर्थ छाती पाहण्याचे साधन असा होतो. साधन मात्र ऐकण्याचे! स्वतः लाएनेक त्याला बहुधा नुसती नळीच म्हणत.

या नळीवरील त्यांचा ग्रंथ १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका तळटिपेत सिरोसिस हा शब्द अवतरला. एका मृत रुग्णाचे यकृत आकसून नेहमीच्या एक तृतीयांश उरले होते आणि आत बारीक पिवळसर दाणे भरले होते. पिंगट-पिवळ्या रंगासाठीच्या ‘किरॉस’ या ग्रीक शब्दावरून त्यांनी या विकाराला नाव दिले. सिरोसिस म्हणजे कठीणपणा, असा समज अनेकदा आढळतो. पण त्या अर्थाचा ग्रीक शब्द ‘स्किरॉस’ हा निराळा. हे दाणे म्हणजे शरीरात उपजलेली नवीच वाढ आहे, हा लाएनेक यांचा तर्क पुढे टिकला नाही. यकृतात व्रणासारखे तंतू माजतात आणि उरलेल्या पेशींच्या गाठी बनतात, हे नंतर उलगडले. रंगावरून पडलेले नाव मात्र कायम राहिले.

क्षयाचे छातीतले आवाज ज्यांनी जगाला ओळखावयास शिकवले, त्यांनाच क्षयाने गाठले. १८२६ च्या उन्हाळ्यात ते ब्रिटनीला परतले. नात्यातल्याच मेरियादेक लाएनेक या तरुण डॉक्टराने त्याच नळीने त्यांची छाती तपासली, तेव्हा निदानाविषयी शंका उरली नाही. १३ ऑगस्ट रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, ते निवर्तले. आपला स्टेथोस्कोप त्यांनी मेरियादेकच्याच नावे ठेवला होता.