सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी : कंदिलाच्या उजेडातील संशोधन

हाफकिन हे नाव मराठी घरांत अपरिचित नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगने कहर मांडला आणि पुढील वर्षाच्या जानेवारीत त्यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत सिद्ध केलेली लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. ही हकीकत आम्ही शाळेत असताना ऐकलेली. परंतु नोकरीधंद्याच्या निमित्ताने पूर्वेकडे येऊन स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींना, ज्या भूमीने आम्हांस आसरा दिला तेथील एका थोर वैद्याचे नाव मात्र फार उशिरा कानी पडले. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात द्यावे, असे म्हणूनच आम्हांस वाटले.

उपेंद्रनाथांचा जन्म १८७३ साली बिहारमधील जमालपूर येथे झाला. जमालपूर म्हणजे रेल्वेच्या कारखान्याचे गाव. आमच्या वाचकांपैकी जे रेल्वेच्या चाकरीत होते त्यांना त्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. वडील नीलमणी ब्रह्मचारी हे ईस्ट इंडियन रेल्वेत डॉक्टर होते. मुलाचा ओढा मात्र आरंभी गणिताकडे होता. हुगळीच्या कॉलेजातून १८९३ साली ते बी.ए. झाले आणि लगेच पुढील वर्षी प्रेसिडेन्सी कॉलेजातून रसायनशास्त्रात एम.ए. झाले. नंतर वैद्यकाच्या परीक्षांत वैद्यक व शल्यशास्त्र या दोन्ही विषयांत पहिले येऊन त्यांनी पदके मिळविली. १९०२ साली एम.डी. झाले आणि १९०४ साली रक्तपेशींच्या विघटनावरील प्रबंधास कलकत्ता विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. गणित, रसायन आणि वैद्यक अशी तिहेरी तयारी असलेला डॉक्टर त्या काळी विरळाच. पुढे त्यांच्या हातून जे घडले त्याचे बीज या तयारीत होते, असे आमचे मत आहे.

काही वर्षे ढाक्यास अध्यापन केल्यावर १९०५ साली ते कलकत्त्याच्या सियालदह भागातील कॅम्बेल मेडिकल स्कूलमध्ये वैद्यकाचे अध्यापक म्हणून आले. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मेडिकल कॉलेज आणि मेडिकल स्कूल यांत त्या काळी मोठा भेद होता. कॉलेजातून विद्यापीठाची पदवी मिळे. स्कूलमधून निघे तो लायसेन्शिएट, म्हणजे दुय्यम दर्जाचा डॉक्टर. तो जिल्ह्यांतील दवाखान्यांत जाई, चहाच्या मळ्यांवर जाई, आणि साहेबांच्या हाताखाली आयुष्य काढी. संशोधनाच्या जागा, प्रयोगशाळा आणि मानमरातब हे बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. उपेंद्रनाथ प्रांतिक सेवेतले. तरीही या दुय्यम मानल्या गेलेल्या शाळेतच ते सुमारे अठरा वर्षे रमले. आम्हांस तर असे वाटते की, ज्या विद्यार्थ्यांना उद्या खेड्यापाड्यांत काळ्या आजाराशी झुंजायचे होते, त्यांच्यासमोर रोज उभे राहिल्यामुळेच त्या रोगाचा त्यांना विसर पडू शकला नाही.

काळा आजार. हा शब्द मराठी वाचकास समजावून सांगावा लागत नाही, इतका तो आपल्या भाषेजवळचा आहे. महिनोन्महिने उतरत नाही असा ताप, रक्तपांढरी, खंगत गेलेले हातपाय, काळवंडलेली त्वचा आणि पोटात बेंबीपर्यंत वाढलेली पानथरी. गारो टेकड्यांतील लोक त्यास सरकारी बिमारी म्हणत, कारण इंग्रजी अंमलाच्या पाठोपाठ तो आला अशी त्यांची समजूत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात वर सरकला आणि गावेच्या गावे ओस पडली. नवगाव जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ साली साडेतीन लाखांच्या आसपास होती. १९०१ च्या शिरगणतीत ती दोन लाख साठ हजारांवर आली. औषध न मिळालेल्या रोग्यांपैकी शंभरांत नव्वदांहून अधिक दगावत. १९०३ साली लिशमन यांनी डमडमच्या छावणीतून आजारी होऊन परतलेल्या एका सैनिकाच्या पानथरीतील सूक्ष्म जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याच वर्षी मद्रासला डोनोव्हन यांनाही तोच जंतू आढळला, आणि रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावे जोडून त्याचे बारसे केले. तो वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो हे निर्विवाद सिद्ध होण्यास मात्र १९४२ साल उजाडावे लागले.

शत्रू दिसला, पण शस्त्र नव्हते. १९१५ च्या सुमारास टार्टर एमेटिक हे अँटिमनीचे जुने लवण शिरेतून देण्यास सुरुवात झाली. त्याने काही रोगी बरे होऊ लागले हे खरे. परंतु उपचार महिनेच्या महिने चालत, इंजेक्शनानंतर खोकल्याची उबळ आणि वांती होई, आणि अशक्त रोगी ते विष सोसू शकत नसे. अनेकजण मध्येच रुग्णालय सोडून जात. उपेंद्रनाथांनी वॉर्डात हे रोज पाहिले होते. त्यांनी प्रथम सोडियमचे लवण करून पाहिले, मग अँटिमनी धातूचेच अतिसूक्ष्म कण वापरले. अखेर त्यांच्यातला रसायनज्ञ कामास आला. सोमल आणि अँटिमनी ही मूलद्रव्ये एकाच कुळातली. सोमलाची सेंद्रिय संयुगे करून जर्मनीत पॉल एर्लिक यांनी उपदंशावर औषध काढले होते. मग सोमलाच्या जागी अँटिमनी बसवून तसेच सेंद्रिय संयुग का करू नये?

१९१९ च्या अखेरीस इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने त्यांना या कामासाठी अनुदान दिले. पैसा आला, पण प्रयोगशाळा कोठून येणार? कॅम्बेल रुग्णालयातली एक लहानशी खोली मिळाली. तीत पाण्याचा नळ नव्हता, गॅसची जोडणी नव्हती, विजेचा दिवा नव्हता. दिवसा शिकवणे व रोगी पाहणे, आणि रात्री रॉकेलच्या कंदिलाच्या उजेडात रसायने तापविणे, असा त्यांचा क्रम होता. १९२० मध्ये एका रात्री दहाच्या सुमारास, धुराने कोंदलेल्या त्या खोलीत त्यांना हवे होते ते संयुग हाती आले. अँटिमनीच्या सेंद्रिय आम्लाचा युरियाशी संयोग करून त्यांनी ते सिद्ध केले आणि त्याचे नाव युरिया स्टिबामाइन ठेवले. त्या खोलीची आठवण त्यांनी पुढे आयुष्यभर जपली.

प्रथम सशांवर, मग कॅम्बेलच्या मोजक्या रोग्यांवर त्यांनी औषध देऊन पाहिले आणि १९२२ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. आजच्या नियमांप्रमाणे रोग्याची लेखी संमती, नीतिमत्ता समितीची परवानगी, तुलनेसाठी दुसरा गट हे सारे लागले असते. तेव्हा त्यातले काही नव्हते, आणि हे नमूद न करणे बरे दिसणार नाही. परंतु ज्या रोग्यांना ते औषध दिले गेले त्यांच्यापुढचा दुसरा मार्ग काय होता, हेही ध्यानात घ्यावे लागते. महिनोन्महिन्यांचा उपचार काही आठवड्यांवर आला. १९२३ साली शिलाँगच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे मेजर शॉर्ट यांनी स्वतंत्रपणे पडताळा घेऊन औषध सुरक्षित व गुणकारी असल्याचा निर्वाळा दिला, आणि आसाम सरकारने ते गावोगावच्या दवाखान्यांत पोहोचविले. ती इंजेक्शने देणारे हात पुष्कळदा मेडिकल स्कूलमधून बाहेर पडलेल्या लायसेन्शिएटांचेच होते. १९३३ साली आसामच्या आरोग्य खात्याच्या संचालकांनी या औषधाने वाचलेल्या प्राणांची संख्या सव्वातीन लाख अशी अंदाजली.

वाद झाले नाहीत असे नाही. कलकत्त्यास नव्यानेच उघडलेल्या, सर्व साधनांनी युक्त अशा स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जर्मन बनावटीच्या प्रतिस्पर्धी औषधाची तरफदारी झाली. युरिया स्टिबामाइनची नेमकी रासायनिक घडण कोणती, यावरही पुष्कळ शाई खर्ची पडली, आणि ती शंका अगदीच निराधार नव्हती. रोगी बरे होत होते, हे मात्र कोणास नाकारता आले नाही.

त्यांच्या अध्यापकवृत्तीचा एक नमुना आम्हांस विशेष भावला. काळ्या आजाराची खात्री करून घेण्यासाठी पानथरीत सुई घालावी लागे. खेड्यातल्या डॉक्टरास ते धोक्याचे. उपेंद्रनाथांनी रोग्याच्या रक्तद्रवात ऊर्ध्वपातित पाणी मिसळून साका पडतो की नाही, हे पाहण्याची साधी कसोटी शोधली. सूक्ष्मदर्शक नसलेल्या दवाखान्यातही ती करता येई.

१९२७ साली ते सरकारी सेवेतून निवृत्त झाले, पण कारमायकेल मेडिकल कॉलेजात त्यांचे अध्यापन पुढे सुरू राहिले. १९२९ साली नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले. ते मिळाले मात्र नाही. १९३४ साली सर हा किताब मिळाला. १९३६ साली भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन होळकरांच्या इंदूर नगरीत भरले, त्याचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. इंदूरच्या मराठी समाजाचा आणि या वंगीय पंडिताचा तेवढा योग जुळून आला, याचे आम्हांस कौतुक वाटते. कलकत्त्यास रक्तपेढी उभी राहण्यातही त्यांचा वाटा होता. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. कॅम्बेल स्कूलचे पुढे कॉलेज झाले आणि १९५० पासून ते नीलरतन सरकार यांच्या नावाने ओळखले जाते.

काळा आजार त्यांच्यानंतर संपला नाही. १९७७ च्या सुमारास बिहारमध्ये तो पुन्हा उसळला, आणि कालांतराने जंतूंनी अँटिमनीच्या औषधांना दाद देणे सोडले. आता त्यांची जागा दुसऱ्या औषधांनी घेतली आहे. उपेंद्रनाथांचे दुसरे एक निरीक्षण मात्र अजून कामी येते. १९२२ सालीच त्यांच्या लक्षात आले होते की, बरे होऊन घरी गेलेल्या काही रोग्यांच्या कातडीवर पुढे फिकट डाग व गाठी उठतात, आणि त्यांत तोच जंतू दडलेला असतो. रोगी धडधाकट दिसतो, कामावर जातो, आणि वाळूमाशी त्याला चावून रोग दुसऱ्या घरी नेते. बिहारच्या खेड्यांत आजही आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन असे डाग असलेली माणसे शोधत असतात.