वेणगावचे नानासाहेब

माझे माहेर कर्जतचे. लग्न होऊन घाट चढून लोणावळ्यास आले, तरी कर्जतजवळच्या वेणगावचा अभिमान काही सुटला नाही. १८२४ साली तेथे माधवराव भटांच्या घरी जन्मलेला मुलगा पुढे नानासाहेब पेशवे झाला. राज्य गमावलेले दुसरे बाजीराव गंगाकाठी ब्रह्मावर्तास राहत होते. भट कुटुंब त्यांच्या आश्रयास गेले आणि १८२७ मध्ये बाजीरावांनी तीन वर्षांच्या नानांना दत्तक घेतले.

नानांची शौर्यकथा आपण सर्वजणी ऐकत आलो. हल्ली मात्र मला त्या वाड्यातल्या बायकाच अधिक आठवतात. १८५१ साली बाजीराव वारले आणि कंपनीने सालिना आठ लाखांचे पेन्शन बंद केले. घरात विधवा सासवा, आश्रितांचा मोठा पसारा! अजीमुल्लाखान दाद मागण्यास विलायतेपर्यंत गेले, ते रिकाम्या हाती परतले.

जून १८५७ मध्ये कानपूरचे शिपाई उठले आणि नाना त्यांचे पुढारी झाले. येथवर लिहिताना मला बरे वाटते. पण १५ जुलैला तेथल्या बीबीघरात कोंडलेल्या सुमारे दोनशे इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली. हुकूम कोणाचा, यावर आजही वाद आहे. इंग्रजांनी अलाहाबादेकडे आधीच किती निरपराधांना फासावर चढविले होते, हेही खरे. तरीपण ती बायकामुले नानांच्या कैदेत होती. वेणगाव आमचे म्हणून हे गाळून पुढे जाणे मला जमत नाही.

दोनच दिवसांत इंग्रज कानपुरात शिरले. पेशव्यांच्या बायका रातोरात नावेतून गंगेपार झाल्या. मागे इंग्रजांनी वाडा जाळला. अयोध्या प्रांतात वणवण करीत १८५९ मध्ये सारे नेपाळच्या तराईत पोहोचले. जंगबहादुर राण्यांनी बायकांना काठमांडूस थारा दिला. पेशव्यांचा नौलखा हारही त्यांच्याचकडे गेला.

नाना त्याच साली तराईत तापाने गेले, असे सांगतात. पण सरकारचा विश्वास बसेना. १८७४ साली ग्वाल्हेरीस नाना म्हणून एकाला पकडले, तो निघाला भलताच! इंग्रजांना नुसता एक माणूस ओळखायचा होता. काठमांडूत काशीबाई मात्र रोज सकाळी आरशापुढे बसत असतील, तेव्हा कपाळी कुंकू लावायचे की नाही, हे त्यांना कोण सांगणार होते?