डनलॉप: टायरमध्ये हवा भरणारा जनावरांचा डॉक्टर

गेल्या पावसाळ्यात गावाकडे जाताना गाडी खड्ड्यात आदळली आणि पुढच्या टायरला बाजूने लिंबाएवढा फुगा आला. पंक्चरवाल्याने बघूनच मान हलवली. याला दुरुस्ती नसते. टायर जेमतेम सहा महिन्यांचा होता, वरची नक्षी अजून नव्यासारखी. खराब रस्त्यावर टिकणारा टायर कुठला, हे शोधायला त्या रात्री लॅपटॉप उघडला आणि वाचता वाचता १८८७ च्या बेलफास्टमध्ये जाऊन पोहोचलो.

जॉन बॉइड डनलॉप हे इंजिनिअर नव्हतेच. १८४० मध्ये स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावी शेतकऱ्याच्या घरी जन्म, एडिंबरामध्ये जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण, आणि पुढे आयर्लंडमध्ये बेलफास्टला जोरात चाललेला दवाखाना. त्या काळी शहरातले रस्ते दगडी चिऱ्यांचे असत. त्यावर डनलॉप यांचा लहान मुलगा तिचाकी सायकल चालवायचा आणि हाडं खिळखिळी व्हायची.

डनलॉप यांनी एक लाकडी तबकडी घेतली. तिच्या कडेने रबराची नळी बसवली, वरून कापड ठोकलं आणि फुटबॉलच्या पंपाने आत हवा भरली. मग घरामागच्या अंगणात ही तबकडी आणि तिचाकीचं जुनं चाक, दोन्ही ढकलून दिली. जुनं चाक मध्येच थांबलं. हवेचं चाक मात्र अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आपटलं आणि उलट परत आलं. आम्ही ऑफिसमध्ये ए-बी टेस्ट म्हणून जे करतो, ते याहून वेगळं काय असतं?

इथे कळीची गोष्ट आहे. टायरमध्ये गाडीचं वजन रबर पेलत नाही, हवा पेलते. रबर आणि त्यातले धागे त्या हवेला फक्त धरून ठेवतात. डनलॉप यांचं कापड जे काम करत होतं, तेच आज टायरच्या बाजूच्या भिंतीत, म्हणजे साइडवॉलमध्ये, पॉलिस्टरचे धागे करतात. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात ही भिंत चिमटली की आतले धागे तुटतात आणि हवा तिथून बाहेर ढकलते. माझा लिंबाएवढा फुगा तो हाच. वरची नक्षी कितीही जाड असली तरी इथे तिचा काही उपयोग नव्हता.

१८८८ मध्ये पेटंट मिळालं. मे १८८९ मध्ये विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने हे टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या. हरलेल्यांत हार्वे ड्यू क्रो या व्यावसायिकाची मुलं होती, आणि त्याच ड्यू क्रो यांनी पुढे कंपनी उभी केली. सगळं जुळून आलं म्हणेपर्यंत पेटंट रद्द ठरलं! रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. सायकली यायच्या आधीची ती गोष्ट लोक विसरूनही गेले होते. डनलॉप यांना तिची कल्पनाच नव्हती.

कंपनी वाचली ती दुसऱ्यांच्या पेटंटवर. डनलॉप यांचा टायर रिमला चिकटवलेला असायचा, पंक्चर काढणं म्हणजे दिव्यच. टायर सहज काढता-घालता येण्याच्या युक्त्या वेल्च आणि बार्टलेट यांनी १८९० मध्ये काढल्या, कंपनीने त्या विकत घेतल्या. वेल्च यांची टायरच्या कडेत तार घालण्याची युक्ती आजही आपल्या गाडीखाली आहे. डनलॉप मात्र काही वर्षांत कंपनीतून बाहेर पडले. नाव आणि दाढीवाला चेहरा जगभर गेला, मोठा पैसा दुसऱ्यांकडे. १९२१ मध्ये डब्लिनला ते वारले.

आता माझ्या टायरकडे येतो. त्यावर १९५/५५ आर १६ लिहिलेलं होतं. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर, आणि रिम १६ इंची. त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतो. भिंत १२० मिलिमीटर, चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच. म्हणजे दिसायला भारी अशा मोठ्या रिमसाठी मी १३ मिलिमीटर हवेची गादी विकली होती. शिवाय त्या दिवशी हवाही कमी होती, म्हणजे चिमटा बसायला अजून सोपं. दाराच्या चौकटीवर हवेचा आकडा छापलेला असतो, तो मी गाडी घेतल्यापासून एकदाही वाचला नव्हता.

कंपनीच्या पुस्तिकेत दोन्ही मापं दिलेली बघून १५ इंची रिम आणि टायर घेतले. मॅगव्हील विकताना जीव थोडा तुटला, खोटं कशाला बोलू. बाबांनी नवीन टायरची भिंत अंगठ्याने दाबून बघितली आणि स्टेपनीतली हवा भरलीस का, एवढंच विचारलं. भरली नव्हती.