विजेची चळत रचणारा व्होल्टा

२००० नंतरच्या दशकात भारनियमनाने मराठवाड्याला जेरीस आणले आणि लोह्यासारख्या तालुक्याच्या गावांतही इन्व्हर्टर परिचयाचा झाला. जोडीतील एक बॅटरी निकामी झाली, की तिच्या जागी नवी आणून उरलेल्या जुनीशी जोडण्याची काटकसर तेव्हापासून रूढ आहे. ही काटकसर अंगाशी का येते, हे समजून घेण्यासाठी बॅटरीच्या जनकाचे चरित्र पाहावे लागते.

अलेस्सांद्रो व्होल्टा यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी इटलीतील कोमो येथे झाला. वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत ते बोलत नव्हते, असे सांगितले जाते. याच मुलाने पुढे १७७६ मध्ये माजोरे सरोवराकाठच्या दलदलीतील ज्वलनशील वायू गोळा करून मिथेनचा अभ्यास केला आणि पाव्हिया विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद भूषविले.

१७९१ मध्ये लुईजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायावरील प्रयोग प्रसिद्ध केले. वीज प्राण्याच्या शरीरातच असते, असे त्यांचे मत होते. व्होल्टा यांनी प्रारंभी ते मान्य केले. मात्र स्वतः प्रयोग केल्यावर विजेचे मूळ दोन भिन्न धातूंच्या संपर्कात आहे, असे त्यांनी मांडले. युरोपातील विद्वानांत दोन तट पडले. गॅल्व्हानी १७९८ मध्ये निवर्तले. या वादाचे फलित पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

जस्त आणि चांदी किंवा तांबे यांच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवून व्होल्टा यांनी चळत रचली. २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने त्यांनी हा शोध कळविला. जगाला प्रथमच अखंड वाहणारी वीज मिळाली. १८०१ मध्ये पॅरिसला नेपोलियनसमोर त्याचे प्रात्यक्षिक झाले.

एका घटातील दोन धातू भिन्न असावे लागतात. परंतु एकत्र जोडलेले सर्व घट मात्र सारखे असावे लागतात. चळतीतील सर्व घटांतून एकच प्रवाह वाहतो. त्यामुळे एक पुठ्ठा वाळला, तरी संपूर्ण चळत दुबळी होते. चकत्यांच्या भाराने द्रव पिळून निघत असे. व्होल्टा यांनी द्रवाने भरलेल्या पेल्यांची माळही केली.

केवळ धातूंच्या स्पर्शाने वीज निर्माण होते, हा त्यांचा समज मात्र अपुरा होता. वीज रासायनिक क्रियेतून मिळते आणि त्या क्रियेत घट झिजतो, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. जुनी बॅटरी नवीसारखी राहत नाही, ती यामुळेच. एकसरीत जोडल्यास कमकुवत बॅटरी आधी रिकामी होते आणि चार्जिंगच्या वेळी आधी भरून तापते. समांतर जोडल्यास सबळ बॅटरीची वीज दुबळीत ओतली जाते. शिसे-आम्ल व लिथियम बॅटऱ्यांचा चार्जिंगचा दाबच निराळा. त्यांची थेट जोडणी तर धोक्याचीच. म्हणूनच एकाच जातीच्या, क्षमतेच्या आणि वयाच्या बॅटऱ्या एकत्र जोडाव्यात.

५ मार्च १८२७ रोजी व्होल्टा यांनी कोमो येथेच अखेरचा श्वास घेतला. त्याच वर्षी जर्मनीत गेओर्ग ओहम यांचा विद्युतमंडलावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि दाब, प्रवाह व रोध यांचे गणित जगापुढे आले. १८८१ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने विद्युतदाबाच्या एककाला ‘व्होल्ट’ हे नाव दिले. आज प्रत्येक बॅटरीवर ते कोरलेले असते.